गेलेल्या स्वयंसेवकाच्या नावाने काय उभारायचं?

19 डिसेंबर 2019. सिडनीच्या नैर्ऋत्येला, बक्स्टन गावाजवळ, वणव्याशी झुंजणाऱ्या एका बंबाच्या वाटेत रात्री झाड कोसळलं. बंब रस्त्याबाहेर जाऊन उलटला. पुढे बसलेले जेफ्री कीटन (32) आणि अँड्र्यू ओड्वायर (36) जागीच गेले, मागचे तिघे जखमी झाले. अकरा दिवसांनी, न्यू साउथ वेल्स राज्याच्या दक्षिण सीमेजवळ जिंजेलिक इथे आगीच्या वावटळीने कित्येक टनांचा बंब उलटवला आणि सॅम्युएल मॅकपॉल (28) गेला. तिघेही त्याच राज्याच्या रूरल फायर सर्व्हिसमधले, म्हणजे ग्रामीण अग्निशमन सेवेतले, स्वयंसेवक होते. त्यांना पगार नव्हता. कीटन आणि ओड्वायर यांची मुलं नुकती चालायला लागलेली होती, मॅकपॉलच्या बायकोला दिवस गेलेले होते.

अशा माणसांची आठवण कशी ठेवायची, यावर दोन व्यक्तींमध्ये झालेला हा संवाद. मामा मुंबई अग्निशमन दलातून निवृत्त झालेला, थोड्या दिवसांसाठी सिडनीला आलेला. भाची सिडनीच्या पश्चिम कडेला राहणारी, नोकरी सांभाळून गावातल्या ब्रिगेडमध्ये स्वयंसेवक म्हणून जाणारी. त्या ऑस्ट्रेलियन उन्हाळ्यात गेलेल्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी एक प्रशिक्षणाचा दिवस ठेवावा आणि तरुण स्वयंसेवकांसाठी शिष्यवृत्ती सुरू करावी, त्यासाठी लोकांकडून निधी जमवावा, अशी चर्चा तिच्या ब्रिगेडमध्ये चालली आहे. मामाला ते पटत नाही.

मामा : मला आधी एक सांग. तुमचा माणूस वणव्यावर जातो. त्याला पगार नाही, पेन्शन नाही, हजेरीपट नाही. घरी पोर लहान. तो गेल्यावर तुम्ही चौकात सॉसेज भाजून विकणार, पैसे जमवणार आणि त्यातून शिकवणीचे वर्ग काढणार. त्याआधी हे विचारा ना, की बिनपगारी माणूस तिथे होताच का?

भाची : होता, कारण तो नसता तर दुसरं कुणीच नसतं. हे राज्य महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठं आणि वस्ती मुंबईपेक्षा कमी. त्यातलीही बहुतेक सिडनीत आणि किनाऱ्याला. आत शिरलास की मैलोन्मैल निलगिरीचं रान. शहरांमध्ये पगारी दल आहे. पण रानातल्या प्रत्येक वस्तीला पगारी केंद्र कुठलंही सरकार देऊ शकणार नाही. म्हणून सुतार, शिक्षक, शेतकरी, नर्स हेच बंब चालवतात. 70 हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत, सुमारे 2 हजार ब्रिगेड आहेत.

मामा : गावाने आग विझवायची, हे मला नवं नाही. कोकणात आंबा-काजूच्या बागेला वणवा लागला की सगळं गाव ओल्या फांद्या घेऊन धावतं. पण इथे बंब सरकारचा, गणवेश सरकारचा, हुकूमही सरकारचा. हुकूम ज्याचा, जबाबदारी त्याची.

भाची : कायद्याने ती आहेच. वणवा विझवताना स्वयंसेवक जखमी झाला किंवा गेला, तर भरपाई देणारा कायदा इथे 1987 पासून आहे. त्याच्या घरची चूल लोकांच्या वर्गणीवर अवलंबून नाही.

मामा : कागदावर नसेल. पण माझी नोकरी अशीच घरं बघण्यात गेली. भरपाई मंजूर होते तेव्हा होते. घराचा हप्ता, पोरांची फी, आजारी आई हे कुणासाठी थांबत नाही. आमच्याकडे निदान अनुकंपा तत्त्वावर नोकरी तरी मिळते. जमलेल्या पैशांतला पहिला डॉलर त्या घरात गेला पाहिजे. तुमची शिकवणी आणि शिष्यवृत्ती त्याच्यानंतर.

भाची : यात माझं-तुझं भांडणच नाही. घर आधी.

मामा : मग मान. मान कसा द्यायचा, हे आम्हाला माहीत आहे. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. दलाचे 66 जवान गेले. भायखळ्याला मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. दर 14 एप्रिलला मानवंदना होते, त्या तारखेपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. नाव दगडावर कोरायचं, वर्षातून एकदा टोपी काढून उभं राहायचं. त्यात पैशांचा हिशेब शिरला की मान उतरतो.

भाची : मान इथेही दिला, मामा. कीटनच्या अंत्यविधीला सेवेचे आयुक्त त्याच्या मुलासमोर गुडघ्यावर बसले आणि वडिलांचं पदक त्या मुलाच्या छातीवर लावलं. मुलाच्या तोंडात चोखणी होती. काही दिवसांनी ओड्वायरच्या चिमुरडीच्या डोक्यावर तिच्या वडिलांचं हेल्मेट होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या गणवेशातली माणसं उभी होती. त्यात काहीही कमी नव्हतं. माझा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळचा आहे. मानवंदना देऊन माणसं घरी गेली, पुढच्या आठवड्यात पुन्हा बंबावर चढली. काल गेलेल्या माणसामुळे त्यांना आज काय जास्त कळतं?

मामा : म्हणजे?

भाची : भायखळ्याला नवीन भरती झालेला पोरगा मानवंदनेत उभा असतो. ते 66 जण नेमके कशाने गेले, हे त्याला कुणी सांगतं का?

मामा : मी सांगायचो. जहाजात सुमारे 1400 टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. दुपारी आग लागली. जवान पाणी मारत राहिले. चार वाजून गेल्यावर जहाज फुटलं, अर्ध्या तासाने पुन्हा फुटलं. मी पोरांना म्हणायचो, वर्दी आली की आधी विचारा, आत काय भरलंय? आग किती मोठी हे नंतर. आत काय आहे, हे आधी.

भाची : मग तू इतकी वर्षं तेच करत होतास, जे मी करायचं म्हणतेय. मेलेल्या माणसाकडून शिकून जिवंत माणसाला शिकवत होतास.

मामा : त्यासाठी मी वर्गणी नाही काढली. आणि एक अडचण तुझ्या लक्षात येत नाही. तू एखाद्याच्या नावाने प्रशिक्षण सुरू केलंस, की ऐकणाऱ्याला वाटतं, याला नीट शिकवलेलं नव्हतं म्हणून हा गेला. चालत्या बंबासमोर झाड पडलं. कुठलं प्रशिक्षण त्याला वाचवणार होतं? त्याच्या बायकोला काय वाटेल?

भाची : हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. काय केलं असतं तर ते दोघे वाचले असते, हे मी सांगू शकत नाही आणि सांगायला जाणारही नाही. प्रत्येक मृत्यूत गेलेल्याची चूक शोधणं वाईट. पण धोक्याचं नाव घेणं म्हणजे माणसाला दोष देणं नव्हे. वणव्यानंतर निलगिरीची झाडं दिवसेंदिवस आतून जळत राहतात. वरून हिरवं दिसतं, बुंध्याशी नुसता धूर असतो, आणि वारा नसतानाही झाड खाली येतं. हे नव्या माणसाला दाखवावं लागतं. कुठलं झाड कललंय, कशाखाली बंब उभा करायचा नाही, कुठल्या झाडाला खुणेची पट्टी बांधून सगळ्यांना लांब ठेवायचं. हे शिकवताना आम्ही कुणाची चूक सांगत नाही. हे रान माणसं कशी मारतं, ते सांगतो.

मामा : आणि घरच्यांना विचारणार?

भाची : त्यांनी नको म्हटलं तर नाव लागणार नाही. प्रशिक्षण तरीही होईल.

मामा : बरं. पण असं शिकवून खरंच काही बदलतं, याचा पुरावा दे. भावना नको.

भाची : लिंटन. शेजारचं व्हिक्टोरिया राज्य, 2 डिसेंबर 1998. जिलॉंग वेस्ट ब्रिगेडचा बंब रानात होता. संध्याकाळी वाऱ्याने दिशा बदलली. वणव्याची जी बाजू आतापर्यंत आगीची कूस होती, तीच क्षणात आघाडी झाली आणि बंबावर आली. पाच स्वयंसेवक गेले. मृत्यूंची न्यायिक चौकशी वर्षानुवर्षं चालली, 2002 मध्ये अहवाल आला. त्या दुर्घटनेनंतर तिथल्या कंट्री फायर अथॉरिटीत एक गोष्ट पक्की झाली, की ठरलेलं किमान प्रशिक्षण पुरं केल्याशिवाय स्वयंसेवकाला वणव्यासमोर उभं करायचं नाही. त्याआधी चांगल्या मनाचा, धडधाकट माणूस कपडे चढवून बंबावर बसू शकत होता. आज व्हिक्टोरियात जो कुणी वणव्यावर जातो, तो लिंटनच्या त्या पाच जणांमुळे शिकून जातो. त्याला त्यांची नावं ठाऊक नसतील, तरीही.

मामा : हे मान्य. तुम्ही काय करणार त्या प्रशिक्षणाच्या दिवशी? मला बघायचं आहे.

भाची : आग अंगावरून जाणार, हे ठरलं की काय करायचं, त्याची कवायत. मोकळ्या किंवा आधीच जळून गेलेल्या जागेत बंब आणायचा. बाहेरचे सगळे आत. कुणीही पळायचं नाही, कारण ज्वाळा पोचायच्या आधीच उष्णता माणसाला पाडते. काचा वर, हवेची भोकं बंद, इंजिन चालू, दिवे चालू. काचांवर उष्णता अडवणारे पडदे ओढायचे. बंबावरचे फवारे सोडायचे, त्यासाठी टाकीत पाणी राखून ठेवलेलं असलं पाहिजे. दुसऱ्याचं घर वाचवताना ते शेवटचं पाणी संपवायचा मोह होतो, तो आवरायला शिकवावं लागतं. मग रेडिओवर संकटाचा निरोप, ब्लँकेट अंगावर, आणि काचेच्या पातळीखाली जमिनीशी अंग चेपून बसायचं. आघाडी पुढे सरकेपर्यंत दार उघडायचं नाही. हे सगळं काही सेकंदांत, अंधारात, शेजारचा माणूस ओरडत असताना.

मामा : आणि हे एकदा करून भागत नाही.

भाची : नाही. पहिल्यांदा करतो तेव्हा पडद्याची पट्टी अडकते, कुणाचं तरी ब्लँकेट सीटखाली राहून जातं, रेडिओ कुणाच्या हातात आहे यावरून गोंधळ होतो. चौथ्या वेळेला कुणी बोलत नाही, नुसते हात चालतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी दर वर्षी हे झालंच पाहिजे.

मामा : पोरी, तू माझंच म्हणणं पक्कं करतेस. ही कवायत, हे पडदे, हे फवारे, शिकवणारा माणूस हे सगळं सेवेचं मूळ काम आहे. अंदाजपत्रकात बसायला हवं. त्या उन्हाळ्यात इथल्या काही स्वयंसेवकांना धुराच्या मास्कसाठी लोकांकडे पैसे मागावे लागले, हे मी वाचलंय. पगारी दलात आमच्यावर अशी वेळ आली असती तर आम्ही काम बंद केलं असतं. आणि मजुरी बुडते म्हणून पंतप्रधानांनी मदत कधी जाहीर केली? पहिले दोघे गेल्यावर दहा दिवसांनी. दहापेक्षा जास्त दिवस आगीवर काढलेल्यांना दिवसाला 300 डॉलरपर्यंत, जास्तीत जास्त 6 हजार. लोक खिशातून देत राहिले की सरकारला वाटतं, चाललंय ना, चालू द्या.

भाची : धोका तोच आहे, आणि तो मी नाकारत नाही. म्हणून दोन याद्या वेगळ्या ठेवायच्या. एक सरकारची. हेल्मेट, मास्क, गणवेश, बंबाचे पडदे आणि फवारे, ठरलेलं प्रशिक्षण, भरपाई. स्मृतिनिधीचा एक डॉलरही या यादीवर जाणार नाही, हे लेखी ठरवायचं. त्यातलं काही कमी असेल तर आमदाराच्या दारात जायचं, सॉसेज भाजायचे नाहीत. त्या वणव्यांनंतर राज्याने चौकशी नेमली. तिच्या अहवालात 76 शिफारशी होत्या, सरकारने त्या सगळ्या स्वीकारल्या. त्यांचा पाठपुरावा करणं, हेही स्मरणच आहे.

मामा : आणि दुसरी यादी?

भाची : सरकार जिथे कधी पोचत नाही, ते. सुतारकाम करणाऱ्या पोराला शनिवार-रविवारचा कोर्स करायचा असेल तर त्याची दोन दिवसांची मजुरी बुडते. तीन तासांवरच्या केंद्रात जायचं तर पेट्रोल आणि राहायचा खर्च. एकट्या आईला शिकायचं असेल तर पोरांकडे बघायला माणूस. दुसऱ्या राज्यातल्या अनुभवी शिक्षकाला बोलावायचं तर त्याचं विमान. कुठल्याच सरकारी रकान्यात हे बसत नाही, आणि याच्यासाठीच माणसं शिकायची राहतात.

मामा : हे मला पटलं. पण लोक पैसे देतात तेव्हा तुझ्या याद्या वाचत नाहीत.

भाची : वाचत नाहीत, आणि तिथेच घोटाळा होतो. जानेवारी 2020 मध्ये सेलेस्ट बार्बर या विनोदी अभिनेत्रीने फेसबुकवर निधी जमवायला सुरुवात केली. लक्ष्य होतं 30 हजार डॉलर. जमले 5 कोटी 10 लाखांहून जास्त. जगभरातल्या सुमारे 13 लाख लोकांनी दिले. कुणाच्या मनात जखमी कोआला होते, कुणाच्या मनात घर गमावलेली माणसं, कुणाच्या मनात व्हिक्टोरियातले लोक. पण पैसे ज्या विश्वस्त निधीच्या नावावर जात होते, तो रूरल फायर सर्व्हिसच्या ब्रिगेडचा होता. त्याचा दस्त 2012 चा. त्यात उद्देश लिहिलेले होते ते ब्रिगेडची साधनं, प्रशिक्षण आणि चालवण्याचा खर्च.

मामा : मग?

भाची : विश्वस्त स्वतःहून न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. विचारलं, आम्ही काय करू शकतो? मे 2020 मध्ये न्यायमूर्ती मायकेल स्लॅटरी यांनी निकाल दिला. दुसऱ्या धर्मादाय संस्थांना देता येणार नाही, दुसऱ्या राज्यांतल्या ब्रिगेडना नाही, होरपळलेल्या लोकांना आणि जनावरांनाही नाही. देणाऱ्याच्या मनात काय होतं, याने दस्त बदलत नाही. पण आग विझवताना जखमी झालेले आणि गेलेल्यांची कुटुंबं यांच्यासाठी निधी काढता येईल. स्वयंसेवकांच्या शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याचं प्रशिक्षण देता येईल, आघातानंतरचं समुपदेशनही.

मामा : म्हणजे तुझी आणि माझी भूमिका न्यायालयाने एकाच कागदावर मांडली. कुटुंब आणि प्रशिक्षण.

भाची : हो. आणि तुला वाटतो तसा यात नुसता कायदा नाही. बक्स्टनच्या त्या बंबातून तिघे वाचले. त्यांच्या ब्रिगेडमधली बाकीची माणसं आहेत. मित्र गेल्यावर पुन्हा त्याच सीटवर बसायचं कसं, हेही शिकवावं लागतं. आम्हाला पाणी मारायला शिकवतात. जेवताना हात थरथरायला लागला तर कुणाला सांगायचं, हे शिकवायला फार उशीर झाला.

मामा : आमच्या वेळी ते कुणी बोलायचंच नाही. 2015 मध्ये काळबादेवीच्या आगीत मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे चार अधिकारी गेले. दुसऱ्या दिवशी वर्दी आली तर पोरं गेलीच. जायचंच असतं. पण त्यांच्याशी बसून बोलायला कुणीतरी हवं, एवढं मी आज म्हणेन. तेवढं प्रशिक्षण तुझ्या निधीत पहिलं घाल.

भाची : घालते. आता शिष्यवृत्ती.

मामा : तिच्याबद्दल मला खरंच शंका आहे. आपल्याकडे प्रत्येक शाळेत भिंतीवर फळा असतो. कैलासवासी अमुक स्मृती पारितोषिक, दहावीत गणितात पहिला आलेल्याला. मुलगा स्टेजवर जातो, पाकीट घेतो, फोटो काढतो. अमुक कोण होता, हे त्याला शेवटपर्यंत माहीत नसतं. स्वयंसेवक म्हणून जीव दिलेल्या माणसाच्या नावावर गुणवत्ता यादी लावायची? त्याने आगीत उडी घेतली ती पहिला नंबर यायला नाही.

भाची : म्हणून गुणांवर द्यायचीच नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्यात एमिट्सबर्ग इथे 1981 पासून गेलेल्या अग्निशमन जवानांचं राष्ट्रीय स्मारक आहे. तिथे पगारी आणि स्वयंसेवक यांच्यात भेद करत नाहीत. अमेरिकेत तरी स्वयंसेवकच जास्त आहेत. ते स्मारक सांभाळणारी संस्था अमेरिकी काँग्रेसने 1992 मध्ये स्थापन केली. ज्यांची नावं तिथे कोरली आहेत, त्यांच्या जोडीदारांना आणि मुलांना ती शिष्यवृत्ती देते. त्याच संस्थेने 2004 मध्ये टॅम्पा शहरात अग्निशमन क्षेत्रातल्या लोकांना एकत्र बसवलं आणि जवानांचे मृत्यू टाळण्यासाठी 16 सूत्रं ठरवली. ती पुढे प्रशिक्षणात आली. नाव कोरणं, घर सांभाळणं आणि पुढचा मृत्यू टाळणं, तिन्ही कामं एकाच छताखाली.

मामा : ते देशाचं काम झालं. तुमच्या ब्रिगेडकडे किती जमणार?

भाची : थोडंच. म्हणून हिशेब साधा ठेवायचा. समज, 50 हजार डॉलरची कायम ठेव केली आणि चार टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला 2 हजार. एका तरुणाचा प्रवास, राहणं आणि बुडालेली मजुरी यात निघेल. तेवढंच वचन द्यायचं. मुद्दलाला हात लावायचा नाही, फुगवून सांगायचं नाही. आणि घेणाऱ्यावर दोन अटी. कोर्स पुरा झाला की त्याने परत येऊन स्मृतिदिनाला दहा नव्या माणसांना तो शिकवायचा. आणि शिकवण्याआधी, ज्याच्या नावाने पैसे मिळाले तो कोण होता, काय काम करायचा आणि कसा गेला, हे उभं राहून सांगायचं.

मामा : हे फळ्यावरच्या नावापेक्षा वेगळं आहे. पण गेलेल्याचं मूल मोठं होईल तेव्हा? त्याने बंबावर चढायलाच हवं, असं काही नाही ना?

भाची : मुळीच नाही. त्याला डॉक्टर व्हायचं असेल, चित्रं काढायची असतील, काहीच करायचं नसेल. कुटुंबाचा हिस्सा बिनशर्त. अटी फक्त प्रशिक्षणाच्या पैशांवर. शोकाच्या बदल्यात कुणाच्या पोराकडून आपण सेवा मागायची नाही.

मामा : तरी माझं एक म्हणणं राहतंच, आणि ते मी सोडणार नाही. तुमची सेवा माणसांच्या चांगुलपणावर उभी आहे. उन्हाळे लांबत चाललेत, वणवे मोठे होत चाललेत. एक दिवस त्या चांगुलपणाला मर्यादा पडेल. तेव्हा सरकारला म्हणता येऊ नये, की लोक वर्गणी काढत होते, आम्हाला वाटलं पुरेसं आहे.

भाची : ते मी स्मृतिदिनाला माइकवरून सांगेन, आमदार समोर बसलेले असताना. आणि तू एक कर. त्या दिवशी इथे असशील तर तू पण बोल. आत काय भरलंय ते आधी विचारा, हे या पोरांनाही कळू दे.

मामा : बोलेन. फक्त दगडावर नावही कोरा. सगळ्यांनाच कोर्स करायचा नसतो. कुणाला नुसतं फूल ठेवायचं असतं.

भाची : दगड आधी, मामा. पण तेवढ्यावर थांबायचं नाही.

इथे संवाद संपतो, पण दोघांचं पूर्ण एकमत झालेलं नाही, आणि ते व्हायलाही नको. मामाचा आग्रह सुटला तर लोकांची वर्गणी सरकारच्या कर्तव्याची जागा घेईल. भाचीचा आग्रह सुटला तर दर वर्षी टोपी काढून उभं राहणारी माणसं पुढच्या वर्षी त्याच धोक्यात तितकीच अडाणी जातील. कुटुंबाचा हक्क पहिला. सरकारची यादी वेगळी आणि तिचा पाठपुरावा जाहीरपणे. उरलेल्या पैशांतून ज्या धोक्याने माणूस नेला त्याचंच शिक्षण, आणि वाचलेल्यांच्या मनाची काळजी. शिष्यवृत्ती दिली तर ती घेणाऱ्याने परत येऊन शिकवावी अशा अटीवर. एवढं जमलं तर ते खरं स्मारक.

सिडनी, मेलबर्नमधली मराठी मंडळी असोत की महाराष्ट्रातली गावोगावची मंडळं, वणवा, पूर किंवा दरड आली की आपण मदतफेरी काढतो आणि ती मनापासून काढतो. तिथे कुणी मदतीला धावून जाताना जीव गमावला, तर त्याच्या नावानेही पैसे जमतात. त्या वेळी शोकाच्या भरात एक काम राहून जातं, ते राहू देऊ नका. पैसे कशासाठी, कुणाला, किती वर्षं आणि हिशेब कोण देणार, या चार ओळी पावतीपुस्तक छापण्याआधी लिहून काढा आणि त्या कुटुंबाला वाचून दाखवा. जो वर्गणी देणार आहे, त्यानेही त्या चार ओळी वाचल्याशिवाय पाकीट काढू नये.